आषाढीची पायी वारी पहिल्यांदा करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वैशाख संपत आला की मला निरोप यायला लागतात. कुणाची झोप उडालेली असते, कुणाचं जवळचं माणूस गेलेलं असतं, कुणाला आतून कोरडं कोरडं वाटत असतं. सगळ्यांना वारीबद्दल विचारायचं असतं. मी २०१३ पासून माउलींच्या (ज्ञानेश्वर महाराजांच्या) पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर चालते (मधली दोन वर्षं चालणं झालं नाही, त्याबद्दल प्रश्न १५ मध्ये). कऱ्हाड तालुक्यातली आमची दिंडी (एकत्र चालणाऱ्या वारकऱ्यांचा गट) पालखीच्या रथामागे असते. मी कीर्तनकार नाही, पतसंस्थेत नोकरी करते. दिंडीत माझ्या हातात टाळ असतो, तिथून जे दिसलं ते खाली लिहिलं आहे. अधिकारी मंडळींचं मत वेगळं असेल तर त्यांचं ऐका.

१. वारी म्हणजे पंढरपूरची यात्राच ना? गाडीने जाऊन दर्शन घेतलं तर काय बिघडलं?

बिघडत काहीच नाही, फक्त त्याला वारी म्हणत नाहीत. वारी या शब्दात नेम आहे. ठरलेल्या तिथीला, दर वर्षी, पाय चालतात तोवर. चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी अशा चार वाऱ्या आहेत, त्यांत आषाढीचा मेळा सगळ्यांत मोठा.

पायी जाण्याची रीत फार जुनी, पालखी त्यामानाने अलीकडची. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली पालखीची प्रथा सुरू केली. ज्ञानोबा आणि तुकोबा दोघांच्या पादुका तेव्हा एकत्र जात. रस्त्यात अजून 'ज्ञानोबा-तुकाराम' असं एका दमात भजन होतं ते त्या सोबतीचंच. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी माउलींचा सोहळा वेगळा काढला. ते सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, शिंद्यांच्या पदरी सरदार होते. दिंड्यांचे क्रम, चोपदार, घोडे, कर्ण्याची इशारत ही सगळी शिस्त बघितली की लष्करी माणसाचा हात कळतो. आळंदीला माउलींच्या मंदिराच्या महाद्वारातली पायरी हैबतबाबांची म्हणून ओळखली जाते. देवळात शिरताना तिच्यावर डोकं टेकवून पुढे जातात.

२. मला विठ्ठलाचं फारसं माहीत नाही, पण मन शांत व्हावं म्हणून यायचं आहे. होईल का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिले तीन दिवस होणार नाही. उलट आत जे दाबून ठेवलेलं असतं ते वर येतं. मी पहिल्या वर्षी आले तेव्हा सासूबाई जाऊन दहा महिने झाले होते. दोन वर्षं त्या अंथरुणाला होत्या, सगळं मी केलं होतं, आणि त्या गेल्यावर घराच्या वाटणीवरून माझ्या थोरल्या जावेनं जे बोलायचं ते बोलून टाकलं होतं. आमचा अबोला होता. लोक मला म्हणायचे, दुःख आवर. मला दुःख नव्हतंच, राग होता. दिवे घाट चढताना सगळा घाट 'माउली माउली' म्हणत होता आणि मी मनातल्या मनात जावेशी भांडत होते. एकेक वाक्य रचून, तिची उत्तरंही मीच देऊन.

मग पाय दुखायला लागले. वाल्ह्याच्या आसपास उजव्या टाचेला फोड आला. सकाळी अंघोळीला पाणी मिळेल का, चहा कुठे, पाऊस कधी थांबतो, एवढ्याच विवंचना उरल्या. लोणंद सोडून पुढे गेल्यावर एका दुपारी जेवायला बसले आणि ध्यानात आलं, सकाळपासून जाऊबाई एकदाही आठवल्या नाहीत. राग गेला नव्हता. त्याला बसायला जागा मिळेनाशी झाली होती.

मला जे समजलं ते इतकंच. वारीत शांती शोधत चालणारा दमतो, कारण तो दर तासाला स्वतःला विचारतो, 'झालं का शांत?' रांगेत चालणाऱ्याला ते विचारायला सवड नसते. पुढच्याच्या टाचेवर पाय पडू द्यायचा नाही, टाळ चुकू द्यायचा नाही, शेजारणीला पाणी हवंय का बघायचं. तुम्ही चारांतले एक होता. मला वाटतं मन निवतं ते यानं. नुसतं एकांतात चालायचं असेल तर सह्याद्रीत वाटा पुष्कळ आहेत. वारी गर्दीतली साधना आहे, ती गर्दीतच करायची.

३. मी देव मानत नाही. आलो तर ढोंग होईल का?

दिंडीत येताना कुणी श्रद्धेचा दाखला मागत नाही. आमच्याबरोबर एक निवृत्त अभियंते सात वर्षं चालले. त्यांनी देवाला हात जोडलेले मी पाहिले नाहीत, पण रात्री तंबूच्या मेखा ठोकायला सगळ्यांत आधी तेच हजर. एक मात्र पाळा: दिंडीचा नेम तुम्हालाही लागू. हरिपाठाला बसायचं, भजनाला टाळ हातात घ्यायचा. ओठ हलवायचे की नाही ते तुमचं तुम्ही बघा. 'मी फक्त बघायला आलोय' असं म्हणून कडेला उभं राहिलात तर अठरा दिवस कडेलाच राहाल, आणि तसं झालं तर मला वाईट वाटेल.

४. कोणत्या पालखीबरोबर जावं? निघतात कधी?

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची पालखी निघते, अष्टमीला आळंदीहून माउलींची. दोन्ही पुण्यात येतात आणि तिथून वाटा वेगळ्या होतात. माउली सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर असं करत जातात. तुकोबा लोणी काळभोर, यवत, बारामती, इंदापूर, अकलूजमार्गे. दोघे पुन्हा वाखरीत भेटतात. दशमीला पंढरपुरात प्रवेश, दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी.

पण पालख्या काही दोनच नाहीत. निवृत्तिनाथांची त्र्यंबकेश्वराहून येते, एकनाथ महाराजांची पैठणहून, मुक्ताबाईंची मुक्ताईनगरकडून, सोपानकाकांची सासवडहून, गजानन महाराजांची शेगावहून. विदर्भ-खानदेशातल्या पालख्या महिनाभर चालतात, काही त्याहून जास्त. तुमच्या गावाकडून जी जाते तिच्याबरोबर जा असा माझा सल्ला. बोली एक असली की तंबूत पहिल्याच रात्री ओळख होते. इंग्रजी तारखा दर वर्षी बदलतात. पंचांग बघा, आणि मुक्कामाचं वेळापत्रक संस्थान आधी जाहीर करतं ते घ्या.

५. मला आठवडाभराचीच रजा मिळते. आळंदी ते सासवड केलं तर पुरे का?

बहुतेक शहरातले लोक हेच करतात, आणि मला ते पटत नाही. पहिल्या टप्प्यात गर्दी इतकी असते की दिंडी कुठली आणि बघे कुठले हे कळत नाही. रजा आठवड्याचीच असेल तर फलटणला या आणि शेवटपर्यंत चाला: बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, पंढरपूर. पुण्याचे लोक तोवर परतलेले असतात. रस्ता माळशिरसच्या रखरखीत माळावरून जातो, आणि बहुतेक रिंगणं (वारकऱ्यांच्या मधून अश्व धावतो तो सोहळा) याच टप्प्यात होतात. माउलींचा अश्व रिंगणात धावून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं धावतात. मागच्या दहा-अकरा दिवसांची चाल पायात असलेल्या माणसांमध्ये तुम्ही ताजेतवाने जाऊन मिसळता, ते तुम्हाला सांभाळून घेतात.

ज्यांना दोनच दिवस आहेत त्यांनी पुण्यात पालखी मुक्कामाला असताना वारकऱ्यांना जेवू घालावं, त्यांचे पाय चेपून द्यावेत. तीही वारीतलीच सेवा आहे.

६. दिंडीत नाव कसं घालायचं? पैसे किती?

गावातल्या विठ्ठल मंदिरात किंवा हरिपाठ मंडळात विचारा. कुठली तरी दिंडी तिथून जात असतेच. दिंडीचालकाला भेटून नाव द्यायचं आणि भिशी भरायची. तिच्यात दोन वेळचं जेवण, चहा, तंबूतली जागा आणि ट्रकमधून सामान नेणं एवढं येतं. रक्कम दिंडीगणिक वेगळी असते आणि ती सांगायला चालक संकोच करत नाहीत. ज्याला जमत नाही त्याचं थोडं इतर उचलतात, त्याचा बोभाटा होत नाही.

रथापुढे २७ मानाच्या दिंड्या आहेत, मागे कितीतरी. नवख्याला क्रमांकाने फरक पडत नाही. दिंडीत न येता 'मोकळं' चालणारेही खूप आहेत, पण पहिल्या वर्षी तसं करू नका. संध्याकाळी पाय ओढत आल्यावर पावसात पथारी कुठे टाकायची हा प्रश्न फार वाईट.

७. रोजचा दिवस कसा असतो?

पहाटे तीनला जाग येते, कारण शेजारी कुणीतरी काकडा म्हणायला लागलेलं असतं. टँकरपाशी रांग, थंड पाण्याची अंघोळ, चहा. तंबू उतरवून ट्रकमध्ये भरायचा. पहिला कर्णा वाजला की आवरतं घ्यायचं, दुसऱ्याला दिंड्यांनी रांग धरायची, तिसऱ्याला पालखी हलते. पुढे पताकावाले, मागे टाळकरी, मध्ये मृदंग आणि वीणा, त्यामागे डोक्यावर तुळस आणि पाण्याचा हंडा घेतलेल्या बाया. दुपारी विसाव्याला जेवण, झाडाखाली पाठ टेकायला थोडा वेळ, की पुन्हा चाल.

आता समाजआरतीबद्दल, कारण ती पाहिल्याशिवाय वारी कळत नाही. संध्याकाळी मुक्कामाच्या माळावर सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात. हजारो टाळ एकदम वाजत असतात, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. चोपदार हातातला चोप वर करतात आणि सगळं थांबतं. लाख माणसांचा माळ एका क्षणात गप्प होतो, लांबचं कुत्रं भुंकलेलं ऐकू येतं. त्यातही एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहिले तर त्याचा अर्थ त्या दिंडीची काही तक्रार आहे. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो, मग ते टाळ थांबतात. त्यानंतर हरवलं-सापडलं सांगतात: कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा, कुणाचं पाकीट. उद्या किती वाजता निघायचं ते जाहीर होतं आणि आरती.

ज्यांनी मला 'वारीत शांतता कुठे असते' असं विचारलं त्यांना मी हीच जागा सांगते. तक्रार असलेल्याला गप्प बसवत नाहीत, त्याचं ऐकतात आणि मग शांतता होते. मला यातून घरी फार उपयोग झाला, प्रश्न २० मध्ये लिहिलंय.

आरतीनंतर जेवण, कीर्तन, जागर. कीर्तनात मला बहुतेक रात्री झोप लागते. म्हाताऱ्या वारकरणी सांगतात, बाळ निजलं म्हणून आई रागावत नाही.

८. चालणं किती? तयारी काय करावी?

सगळं मिळून साधारण २५० किलोमीटर. एरवी दिवसाला बारा ते वीसच्या आसपास, पण पुणे ते सासवड हा टप्पा तिसाच्या वर जातो, वाटेत दिवे घाट आहे आणि त्या दिवशी बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशी, म्हणजे उपवास. घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात, तेवढा तो चढ आहे. एवढा एक दिवस काढलात की पुढचं जमतं.

आधी दोन महिने रोज तासभर चाला, रविवारी तीन-चार तास. डांबरी रस्त्यावर चाला, बागेतल्या मऊ वाटेवर नको. जी चप्पल किंवा बूट वारीत घालणार तेच घालून सराव करा.

९. बरोबर काय न्यावं?

जितकं कमी तितकं बरं. दोन जोड कपडे, सतरंजी, पातळ चादर, अंगावर घ्यायचा प्लास्टिकचा कागद (छत्री गर्दीत दुसऱ्याच्या डोळ्यात जाते), बॅटरी, ताट-वाटी-तांब्या, आधार कार्डाची प्रत, रोजची औषधं, व्हॅसलीन, सुती मोजे. नवीन पादत्राणं मुळीच नको. पिशवीला बाहेरून लाल-पिवळी चिंधी बांधा, नाहीतर ट्रकमधल्या शेकडो पिशव्यांत आपली ओळखता येत नाही. दागिने घरी ठेवा.

१०. पायाला फोड आले तर? अनवाणी चाललं तर पुण्य जास्त का?

फोड येणारच. निघण्याआधी टाचांना आणि बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलीन लावलं तर उशिरा येतात. आला तर वरची कातडी सोलू नका, धुऊन, मलम लावून, पट्टी बांधा. सुई-दोरा घालून पाणी काढायचा जुना उपाय सगळे सांगतील, मी तो सोडला, कारण चिखलातून चालल्यावर एका वर्षी माझीच टाच पिकली. वाटेवर आरोग्यपथकं असतात, तिथे दाखवा.

अनवाणी चालण्याचा कुणाचा नवस असतो, त्यांना माझा नमस्कार. पण संप्रदाय ते मागत नाही. मधुमेह असेल त्यांनी तर घरातून निघाल्यापासून घरी येईपर्यंत एक पाऊलही अनवाणी टाकू नये, पायाला लागलेलं त्यांना बऱ्याचदा कळत नाही.

११. आईचं वय ६८, मधुमेह आणि रक्तदाब आहे. ती येऊ शकेल का? एकादशीचा उपवास करावाच लागतो का?

त्या वयाच्या बाया आमच्या पुढे चालतात, त्यामुळे वयावरून मी नाही म्हणणार नाही. डॉक्टरांना 'वारीला जाऊ का' एवढंच न विचारता तपशील सांगा: रोज पंधरा-वीस किलोमीटर, जेवणाची वेळ पुढेमागे, झोप चार तास. मग ते गोळ्यांच्या वेळा नीट बसवून देतात. खिशात साखर ठेवायची. बरोबर चालणाऱ्या एका तरी बाईला आजार माहीत असावा.

गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना उपवास करू नका. प्रश्न ८ मध्ये सांगितलेला सर्वांत लांब टप्पा उपवासाच्या दिवशीच येतो, तेव्हा तर नाहीच. आमचे महाराज अशा माणसांना स्वतः भाकरी आणून देतात. थकवा आला तर मधला टप्पा दिंडीच्या ट्रकमध्ये बसून करावा, त्यात कमीपणा नाही.

१२. बायकांची सोय कशी असते? मी एकटी येऊ का?

अडचणी आहेत, लपवून उपयोग नाही. फिरती शौचालयं आता पुष्कळ ठिकाणी असतात, पूर्वीपेक्षा खूप बरं आहे, पण सकाळी रांग लागते. म्हणून पहाटे तीनच्याही आधी उठायची सवय बायकांना लागते. अंघोळ आडोशाला, साडी किंवा चादर धरून. पाणी कमी पिण्याची चूक करू नका, त्याने आजारी पडाल.

एकटी या, पण दिंडीत या. बायकांचा तंबू वेगळा असतो. पहिल्या रात्री एखादी आजी विचारेल, 'कुठली गं तू?' त्यानंतर तुम्ही एकट्या नसता. रात्री तंबूबाहेर जाताना कुणाला तरी उठवून बरोबर न्या, गर्दीत चोर असतात आणि क्वचित त्याहून वाईट माणसंही.

१३. मध्येच पाळी आली तर काय करायचं?

चालायचं. आमच्या दिंडीत कुणी विचारत नाही आणि मी कुणाला सांगत नाही. काही बाया आपणहून त्या दिवसांत तुळस डोक्यावर घेत नाहीत, पादुकांपाशी जात नाहीत. तो त्यांचा निर्णय, मी त्यांना समजावायला जात नाही. सोयराबाईंनी सहाशेहून अधिक वर्षांपूर्वी विचारून ठेवलं आहे की देहच जर विटाळातून जन्मतो तर सोवळा कोण. मला तेवढं पुरतं. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नका, डॉक्टरांना विचारा. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून पिशवीत ठेवा आणि मुक्कामी कचऱ्यात टाका, शेतात नको.

१४. दिंडीत जात विचारतात का? मी हिंदू नाही, चालेल?

मला कुणी विचारली नाही. माझी जात विचारायची गरज पडू नये अशी आहे म्हणून नसेल विचारली, असंही होऊ शकतं, त्यामुळे माझ्या एकटीच्या अनुभवावर जाऊ नका. इतिहास सोपा नाही. चोखोबांना देवळात येऊ दिलं नाही, त्यांची समाधी नामदेव पायरीपाशी, महाद्वाराबाहेर आहे. त्यानंतर कैक शतकं दार बंदच होतं. १९४७ साली साने गुरुजींनी उपोषण केलं तेव्हा ते सर्वांना उघडलं. या वाटेवर चालताना ते लक्षात असायला हवं असं मला वाटतं. कुठल्या दिंडीत तुम्हाला वेगळी पंगत जाणवली तर ती दिंडी सोडा आणि दुसरीत या.

इतर धर्मांची माणसं चालतात, सेवा करतात. तुकोबांची पालखी देहूतून निघाल्यावर पहिली आरती अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी होते.

१५. माळ घालावी लागते का? आणि घातल्यावर एखाद्या वर्षी वारी चुकली तर?

वारीला यायला माळ लागत नाही. तुळशीची माळ घालणं म्हणजे शब्द देणं: मांसाहार नाही, दारू नाही, एकादशी करायची, पंढरीची वारी चुकवायची नाही. वाटेत कीर्तन ऐकून भरून येतं आणि माणसं तिथल्या तिथे माळ मागतात. माझं ऐकाल तर घरी जा, वर्षभर हरिपाठ म्हणून बघा, मग घाला. मी चौथ्या वर्षी घातली.

चुकली तर काय, हे आम्हाला सगळ्यांनाच एकदम कळलं. २०२० मध्ये साथीमुळे पादुका एसटीने पंढरपूरला नेल्या, २०२१ मध्येही तसंच झालं. जन्मात वारी न चुकलेली माणसं घरी बसली. आमच्या दिंडीचे विणेकरी तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. रोज जो मुक्काम असायचा त्या गावाचं नाव घेऊन ते अंगणात तेवढा वेळ वीणा घेऊन चालायचे. आजारपण, बाळंतपण, घरातलं मरण, यांत नेम मोडला असं कुणी मानत नाही. कंटाळा आला म्हणून चुकली तर ते तुमच्या मनाला बरोबर कळतं.

१६. मानसोपचारतज्ज्ञांची औषधं चालू आहेत. वारीने ती सुटतील का?

नाही, आणि कृपा करून स्वतःहून सोडू नका. वारीत झोप कमी होते, आवाज सतत असतो, एकटेपणा मिळत नाही. काही आजारांत अपुरी झोप फार त्रास देते. डॉक्टर हो म्हणाले तर या, गोळ्या दोन ठिकाणी ठेवा (एक पुडी अंगावर, एक पिशवीत), आणि दिंडीतल्या एका विश्वासू माणसाला सांगून ठेवा. ते नको म्हणाले तर प्रश्न ५ मधला पाय चेपून देण्याचा मार्ग आहे, तोही छान आहे. जगणं नकोसं वाटण्यापर्यंत आलं असेल तर वारीची वाट बघू नका, आजच डॉक्टरांना आणि घरातल्या माणसाला सांगा.

१७. मोबाईल न्यावा का?

न्या, पण बंद ठेवा. रात्री एकदा घरी फोन करा, घरचे काळजीत असतात. चालताना दर पावलाला चित्रण करणारे लोक मी पाहते. त्यांचा एक हात कायम अडकलेला असतो, म्हणून त्यांना टाळ धरता येत नाही. कुणा म्हातारीचा रडतानाचा फोटो तर घेऊच नका. ती तुमच्यासाठी रडत नाहीये.

१८. सगळे एकमेकांना 'माउली' म्हणतात म्हणे. मग भांडणं होत नाहीत?

होतात. पाण्यावरून, तंबूतल्या जागेवरून, घोरण्यावरून, माझी चप्पल तुझ्या पायात कशी यावरून. अठरा दिवस चाळीस माणसं एका ताडपत्रीखाली राहिली की दुसरं काय होणार? फरक इतकाच की भांडतानाही 'माउली, तुमची पिशवी सरकवा' असंच म्हणावं लागतं. हा शब्द तोंडात असताना पुढचं वाक्य फार कडू करता येत नाही. बरडच्या मुक्कामी एक बाई टँकरपाशी माझ्यावर ओरडली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच माझ्या टाचेची पट्टी बदलली. माफी मागितली नाही, मीही मागितली नाही. एका रांगेत चालत राहिलो.

१९. पंढरपुरात पोहोचूनही देवाचं दर्शन मिळालं नाही तर वारी अपुरी राहते का?

नाही. एकादशीला दर्शनाची रांग गोपाळपूरच्या पत्राशेडच्याही (रांगेसाठीच्या मांडवांच्याही) पुढे जाते, पदस्पर्शाला एका दिवसाहून जास्त वेळ लागू शकतो. आषाढीच्या दिवसांत देवाचा पलंग काढलेला असतो, म्हणजे देव झोपत नाही, रात्रंदिवस उभा राहून दर्शन देतो. तरी सगळ्यांना पुरत नाही. बहुतेक वारकरी चंद्रभागेचं स्नान, नगरप्रदक्षिणा, नामदेव पायरी आणि कळसाचं दर्शन करून समाधानाने निघतात. पहिल्या वर्षी मी कळसच पाहिला. शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांनी सांगितलं की त्यांनी तीस वर्षांत दोनदाच आत पाय ठेवला आहे.

जवळून दर्शन हवंच असेल तर घाई करू नका. पौर्णिमेला गोपाळपूरला काला झाला की गर्दी ओसरते. नदीला पाणी सोडलेलं असेल तर काठावरूनच अंघोळ करा, वाळूत खोल खड्डे आहेत.

२०. वारीत छान वाटलं, पण घरी आल्यावर आठ दिवसांत चिडचिड परत सुरू. माझं काही चुकलं का?

आषाढ वद्यात येणारे निरोप बहुतेक हेच असतात. काही चुकलेलं नाही. वारीत कुणीतरी कर्णा वाजवून उठवत होतं, कुणीतरी वाढत होतं, पुढची वाट आखलेली होती. घरी ते आपल्याला करायचं असतं. म्हणून वारीतली एकच गोष्ट निवडा आणि ती चालू ठेवा. मी संध्याकाळचा हरिपाठ धरला, वीस-पंचवीस मिनिटं. कामावरून उशीर झाला तरी चप्पल काढून आधी तेच. कित्येक दिवस त्यात मन लागत नाही. तरीही म्हणते.

जावेचं राहिलं. राग परत आला, दसऱ्यापर्यंत चांगला वाढलाही. दुसऱ्या वर्षीच्या वारीत समाजआरतीला एका दिंडीचे टाळ वाजत राहिलेले ऐकताना माझ्या डोक्यात आलं की ते एक घर आम्ही दोघींनी टाळ वाजवून डोक्यावर घेतलंय आणि ऐकायला कुणी येत नाहीये. त्या दिवाळीत मीच तिच्याकडे गेले. म्हटलं, वहिनी, तुमची तक्रार सांगा, मी मध्ये बोलणार नाही. तिने दीड तास सांगितली. त्यात निम्मं मला अजून मान्य नाही. वाटणी तिच्या म्हणण्याप्रमाणे झाली नाही, माझ्याही म्हणण्याप्रमाणे झाली नाही. आता ती आमच्या दिंडीला दर वर्षी एक पोतं गहू देते, आळंदीला ट्रक निघायच्या आदल्या दिवशी स्वतः आणून टाकते.

२१. परतवारी म्हणजे काय?

पौर्णिमेच्या काल्यानंतर पालखी पुन्हा चालत आळंदीला जाते. तिच्याबरोबर फार थोडी माणसं असतात. मुक्काम लवकर उरकतात, स्वागताच्या कमानी नसतात, बघे नसतात, जाताना लाख माणसं वाहिलेल्या रस्त्यावर मोजक्या पताका. पहिल्यांदा येणाऱ्यांना मी ती सुचवत नाही. जेवणाची सोय कमी आणि पाय आधीच थकलेले. मीही अजून केलेली नाही, माझी रजा एकादशीलाच संपते. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. आमच्या दिंडीतल्या दोघी दर वर्षी जातात, त्यांना सांगून ठेवलंय की तेव्हा मला बरोबर धरा.